अडलं की फोन खाली: ऑनलाइन शिकताना चिकाटी टिकते कशी?

ऑनलाइन शिक्षणाविषयी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत दिसते: मुलं सुरुवात करतात, पण टिकत नाहीत. पत्रं थोडी आटोपशीर करून छापत आहोत. नावं मुद्दाम गाळली आहेत.

दहावीच्या पंधरा-वीस मुलांना रोज संध्याकाळी ७ ते ८ गुगल मीटवर गणित शिकवते. तास चालू असेपर्यंत सगळं ठीक असतं. गृहपाठ दिला की दहा मिनिटांत ग्रुपवर ‘मॅडम, आलं नाही’ सुरू होतं. एकानं वहीचा फोटो टाकला की बाकीचे तोच उतरवून घेतात. चिकाटी ऑनलाइन शिकवता येते का?
— माध्यमिक शिक्षिका, गेवराई तालुका (जि. बीड)

येते, ताई. आधी ‘आलं नाही’ म्हणजे नेमकं काय झालं ते बघू. वर्गात मूल अडलं की शेजारच्या वहीत डोकावतं, फळ्यावरची मागची ओळ पुन्हा वाचतं, तुमच्याकडे बघतं. तुम्हालाही बाकांमधून फिरताना त्याचा थांबलेला हात दिसतो. अडल्यावर करता येण्यासारखं त्याच्या अवतीभवती बरंच काही असतं. घरी फोन घेऊन बसलेल्या मुलापुढे मात्र एकच बटण असतं, मेसेज पाठवायचं. त्याला आळशी म्हणून उपयोग नाही. अडल्यावर पुढे काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. चिकाटीवरच्या भाषणापेक्षा ही पुढची कृती शिकवली तर मुलं जास्त वेळ टिकतात.

नियम करा: मेसेज करण्याआधी दहा मिनिटं आणि तीन कृती. एका गणितावर दाखवतो. ‘आयताकृती परसबागेची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटर जास्त आहे. क्षेत्रफळ १५० चौरस मीटर. लांबी, रुंदी काढा.’ पहिली कृती, काय दिलंय आणि काय काढायचंय ते आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहायचं, आकृती काढायची. दुसरी, पुस्तकातलं याच प्रकारचं सोडवलेलं उदाहरण शोधून त्यात आणि आपल्या गणितात काय वेगळं आहे ते लिहायचं. तिसरी कृती मुलं सगळ्यात कमी करतात आणि तिचाच उपयोग सगळ्यात जास्त होतो: लहान संख्या घालून बघायच्या. रुंदी १ धरली तर लांबी ६, क्षेत्रफळ ६. रुंदी २, तर क्षेत्रफळ १४. रुंदी ३, तर २४. असं करत गेलेलं मूल १० ला पोचतं आणि १५० मिळाले की थांबतं. त्याला अजून समीकरण आलेलं नसतं, पण उत्तर हातात असतं. प्रत्येक वेळी ‘रुंदी गुणिले (रुंदी अधिक ५)’ असंच केलं हे त्याला दिसतं आणि समीकरण तिथूनच सापडतं.

त्यानंतरही अडलं तर मेसेजचा साचा ठरवून द्या: गणिताचा क्रमांक, इथपर्यंत आलं (वहीचा फोटो), इथे थांबलं, हे करून पाहिलं. फोटो नसलेल्या मेसेजला ‘वही दाखव, मग बघू’ एवढंच उत्तर. पहिले आठ-दहा दिवस मुलं कुरकुर करतील. तेव्हा एकाला जरी सवलत दिली तरी नियम मोडतो.

उतरवून घेण्याचं काय? ग्रुपच्या सेटिंगमध्ये मेसेज फक्त ॲडमिनला पाठवता येतील असं करून ठेवा आणि रात्री साडेनऊला ग्रुप खुला करा. तोवर शंका तुमच्या वैयक्तिक क्रमांकावर, वरच्या साच्यात. वीस मुलांना हे झेपतं. पन्नास असतील तर चार-चार मुलांचे छोटे गट पाडून आधी गटात विचारायला सांगा.

आठवड्यातून एक गणित गुगल फॉर्ममध्ये पायऱ्या पाडून द्या. वरच्याच गणिताचा पहिला प्रश्न: रुंदी क्ष मानली तर समीकरण कोणतं? पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांतून घ्या: क्ष + (क्ष + ५) = १५०; क्ष² + ५ = १५०; क्ष² + ५क्ष = १५०. प्रश्नाच्या खाली उजवीकडे तीन टिंबं असतात, तिथे ‘गो टू सेक्शन बेस्ड ऑन आन्सर’ निवडा. म्हणजे प्रत्येक चुकीची वाट वेगळ्या मदतीकडे जाते. पहिला पर्याय निवडणाऱ्याला विचारा: लांबी आणि रुंदी मिळवून भाजी लावायला किती जागा आहे ते कळतं का? दुसरा निवडणाऱ्याला सांगा: रुंदी ३ धर, क्षेत्रफळ काढ, आता तुझ्या डाव्या बाजूत क्ष च्या जागी ३ घाल. एकीकडे २४ येतात, दुसरीकडे १४. चूक त्याची त्यालाच सापडते. मदतीच्या भागात एक सक्तीचा प्रश्न ठेवा, ‘आधी काय चुकलं होतं, एका ओळीत लिहा’. कोण कुठल्या वाटेनं आलं हे त्यामुळे तुम्हाला उत्तरांच्या तक्त्यात दिसतं. शेवटी रुंदीचा आकडा विचारा. ‘रिस्पॉन्स व्हॅलिडेशन’मध्ये संख्या १० असेल तरच पुढे जाता येईल असं ठेवा आणि चुकल्यावरच्या संदेशात लिहा: ‘क्ष ची दोन उत्तरं मिळाली का? त्यातलं कुठलं रुंदी असू शकेल?’ उणे १५ लिहिणारी मुलं इथे थांबून विचार करतात.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. मदतीचा भाग संपल्यावर पुन्हा मूळ प्रश्नाकडे जाण्याची सूचना त्या भागाच्या तळाशी द्यावी लागते. राहिली तर फॉर्म मुलाला आपोआप पुढच्या भागात नेतो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच चुकीची मदत असतो. दुसरं म्हणजे उत्तर इंग्रजी अंकांत लिहा अशी सूचना वरच हवी, नाहीतर बरोबर उत्तर लिहूनही मूल अडकू शकतं आणि वैतागून फॉर्म बंद करतं. पाठवण्याआधी स्वतः मुद्दाम चुकीची उत्तरं देत एकदा फॉर्म भरून पाहा.

रोज पाच गणितं देत असाल तर तीन येणारी, एक जरा ओढाताण करायला लावणारं आणि एक खरंच अवघड असू द्या. पाचही अवघड दिली तर त्यातून चिकाटी येत नाही, आपल्याला हे जमणार नाही अशी खात्री तेवढी बसते. अवघड गणिताची उत्तरं दुसऱ्या दिवशी एकत्र मांडायलाच हवीत. सिंगापूरच्या शाळांमध्ये शिक्षणसंशोधक मनू कपूर यांनी अभ्यासलेली पद्धत अशीच आहे: आधी मुलांना झगडू द्यायचं, मग त्यांनीच केलेले अर्धेमुर्धे प्रयत्न समोर ठेवून शिकवायचं. संकल्पना त्यानं पक्क्या होतात. मात्र हा दुसरा अर्धा भाग गाळला तर मुलाच्या वाट्याला फक्त अपयश उरतं.

लेकरू आठवीला आहे. घरात एकच मोबाईल, संध्याकाळी त्याच्याकडंच असतो. दोन-दोन तास अभ्यासाचे व्हिडिओ बघतंय, विचारलं तर ‘समजलं’ म्हणतंय. पेपरात मात्र काहीच लिहिता येईना. पहिल्यापासून हुशार आहे, पण नेट लावून काही करीत नाही. आम्ही दोघं फार शिकलेलो नाहीत. काय करावं?
— पालक, औसा तालुका (जि. लातूर)

तुमचा मुलगा खोटं बोलत नाही. व्हिडिओ बघताना खरंच समजल्यासारखं वाटतं, कारण विचार करण्याचं काम समोरचे सर करत असतात. आपल्याला येतं की नाही हे व्हिडिओ बंद केल्यावरच कळतं.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते, त्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्यांना ७१. आठवड्यानं पुन्हा घेतली तर वाचणाऱ्यांचं ४० टक्क्यांवर आलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांचं ६१ टक्के टिकलं होतं. तुमच्या घरात हेच घडतंय. संध्याकाळी ‘समजलं’ हे खरं असतं, पेपराच्या दिवशी ते उरलेलं नसतं.

दोन तासांऐवजी पंचवीस मिनिटं ठरवा. पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ किंवा मोठ्या व्हिडिओचा तेवढाच भाग बघायचा. मग फोन पालथा. वहीत न बघता तीन गोष्टी लिहायच्या: काय सांगितलं, एखादं उदाहरण, आणि काय कळलं नाही. नाही आठवलं तर दोन मिनिटं तसंच बसायचं, लगेच फोन उचलायचा नाही. मुलाला सगळ्यात नकोसं वाटतं ते या दोन मिनिटांत, आणि आठवण पक्की होते तीही याच वेळेत. नंतर तोच भाग पुन्हा बघून राहिलेलं वेगळ्या शाईनं भरायचं. तेच पान उद्या, चार दिवसांनी आणि दहा दिवसांनी झाकून पुन्हा लिहायचं.

तुमच्यासाठी यात एक काम आहे आणि त्याला शिक्षण लागत नाही. रात्री जेवणाआधी वही आपल्या हातात घ्या आणि म्हणा, ‘सांग बघू आज काय शिकलास.’ तो सांगतो ते बरोबर की चूक हे तुम्हाला कळायची गरज नाही. तो अडखळतो कुठे, तेवढं बघा. तिथे ‘इथं परत एकदा बघ’ म्हणा. एवढं पुरतं.

‘हुशार आहे’ हे मात्र त्याच्यासमोर बोलणं कमी करा. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती ऐकलेली मुलं पुढच्या अवघड कामात लवकर हटली; मेहनतीची स्तुती ऐकलेली टिकून राहिली. हुशार म्हणवून घेणाऱ्या पोराला चुकण्याची भीती वाटते, म्हणून ते जिथं चुकेल तिथं हात घालत नाही. ‘काल तीन ओळी आठवल्या होत्या, आज सात आठवल्या’ असं म्हणा. उगं कौतुक नको, दिसलं ते सांगा.

गावात लाइटचा भरवसा नाही, रेंजचाही नाही. तास मधेच तुटला की निम्मी मुलं परत येत नाहीत.
— शिक्षक, जिंतूर तालुका (जि. परभणी)

तास तुटणार हे धरूनच तास आखा. थेट तासाची तीस मिनिटं पुरेत. मोफत झूम बैठक चाळीस मिनिटांनी आणि तिघं किंवा अधिक असतील तर मोफत मीट साठ मिनिटांनी तशीही बंद होते. तास सुरू होण्याआधीच ग्रुपवर दोन गोष्टी टाकून ठेवा: आजच्या पानाचा फोटो आणि ‘तुटलं तर हे करा’ अशी एक ओळ, उदाहरणार्थ ‘सरावसंचातलं तिसरं गणित सुरू करा, अर्ध्या तासात वहीचा फोटो’. मग तुटलेला तास म्हणजे सुट्टी होत नाही. तास झाल्यावर सगळं रेकॉर्डिंग पाठवू नका, कुणी बघत नाही. मुख्य मुद्दा पाच मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. तो एखाद्या एमबीच्या आसपास असतो आणि एक काडी रेंजवरही उतरतो. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपमध्ये उघडणारं साहित्य लाइट असताना डाउनलोड करून ठेवता येतं. ते कसं करायचं हे मुलांना एकदा प्रत्यक्ष दाखवा, तोंडी सांगून होत नाही.

नीटच्या (वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या) रिपीटर मुलांची ऑनलाइन टेस्ट सिरीज चालवतो. पहिल्या दोन टेस्ट जवळजवळ सगळे देतात. तिसऱ्या-चौथ्यापासून गळती सुरू होते, आणि गळणारी मुलं कच्चीच असतात असंही नाही.
— क्लासचालक, लातूर

तिसऱ्या टेस्टपर्यंत अभ्यासक्रम वाढलेला असतो, त्यामुळे गुण उतरणं साहजिक आहे. तुम्हाला ते माहीत असतं, मुलाला नसतं. आधीच सांगा की या टेस्टला गुण उतरतील, कारण जुने धडे परत आले आहेत. सांगून आलेली घसरण मूल सोसतं. न सांगता आली की ‘आपलं यंदाही होत नाही’ हाच अर्थ तो काढतो. एकदा परीक्षा देऊन आलेल्या मुलाच्या मनात हे वाक्य तयारच असतं.

दुसरी गोष्ट रँकची यादी. ग्रुपवर शे-दीडशे नावांची यादी पडते तेव्हा वरच्या दहा जणांना हुरूप येतो आणि खालची पुढच्या टेस्टच्या दिवशी ‘नेट गेलं होतं’ म्हणतात. यादी बंद करा. प्रत्येकाला खासगीत दोन आकडे कळवा: मागच्या टेस्टमधल्या चुकांपैकी किती या वेळी पुन्हा झाल्या आणि किती सुटल्या. हे आकडे मुलाच्या हातात असतात. रँक दुसऱ्यांच्या हातात असते.

टेस्टइतकंच महत्त्व तिच्या चिरफाडीला द्या. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबरला चार, चुकीला उणे एक. म्हणजे येत असलेला एक प्रश्न चुकला तर पाच गुणांचा फरक पडतो. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर मुलानं एक अक्षर लिहायचं. ‘न’ म्हणजे माहीतच नव्हतं. ‘आ’ म्हणजे वाचलं होतं, आठवलं नाही. ‘वा’ म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही किंवा आकडेमोड चुकली. ‘वे’ म्हणजे वेळ संपला. ‘अं’ म्हणजे अंदाजानं ठोकलं. ‘न’ साठी धडा उघडावा लागतो. ‘आ’ साठी वाचून काही होत नाही, झाकून आठवण्याचा सराव लागतो. ‘वा’ साठी प्रश्नातल्या ‘अयोग्य’, ‘वगळता’ अशा शब्दांखाली रेघ मारायची सवय लागते. सगळ्यांवर एकच उपाय, ‘अजून जोर लावा’, हा सांगितला की मुलं जोर लावतात आणि गुण तिथंच राहतात. चिकाटी तिथं मोडते. अठ्ठेचाळीस तासांच्या आत चुकलेल्यांपैकी वीस प्रश्न सोल्यूशन न बघता पुन्हा सोडवून घ्या, आणि हे केल्याशिवाय पुढच्या टेस्टची लिंक उघडू नका.

एक भेद मुलांना स्पष्ट सांगा. घरी एका प्रश्नाशी पंधरा मिनिटं झगडणं चांगलं आहे. परीक्षेत १८० मिनिटांना १८० प्रश्न असताना तसं करणं घातक आहे. तिथे दीड मिनिटात वाट दिसली नाही तर खूण करून पुढे जायचं. चिकाटीचे धडे ऐकलेली मुलं नेमकी इथं अडकतात.

आणि टेस्ट चुकवणारं मूल जेवत-झोपत नसेल, बोलायचं थांबलं असेल, ‘माझा काय उपयोग’ असं काही बोलत असेल, तर अभ्यासाचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी घरच्यांना कळवा. शासनाची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. हा क्रमांक टेस्टच्या सूचनांच्या पानावर कायमचा छापून ठेवा.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्वयमवर (सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर) दोन वेळा कोर्स घेतले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटले. एक आठवडा चुकला की पुढचं बघायची हिंमतच होत नाही.
— विद्यार्थिनी, किनवट (जि. नांदेड)

एकटी तू नाहीस. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसमध्ये २०१७-१८ या वर्षात सहभागी झालेल्यांपैकी फक्त ३.१३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला. तेव्हा याला स्वभावातली खोट समजू नकोस; एकट्यानं, न बघितलेल्या शिक्षकाकडून, घरकामाच्या मधे शिकणं अवघडच आहे.

नियम नीट वाचले तर भीती बरीच उतरेल. स्वयमवरच्या एनपीटीईएलच्या (आयआयटी वगैरे संस्थांच्या उपक्रमाच्या) बारा आठवड्यांच्या कोर्सला बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरल्या जातात, आठ आठवड्यांच्या कोर्सला आठपैकी सहा. म्हणजे तुझा चुकलेला आठवडा हिशेबातच येत नाही, बारा आठवड्यांत असे चार चुकू शकतात. असाइनमेंटला २५ गुण, परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी पहिल्यात किमान १० आणि दुसऱ्यात किमान ३० लागतात. एक आठवडा सुटला की सगळं संपलं असं तू धरून चालली होतीस, तसं नाही.

आठवडा चुकला तर मागचे व्हिडिओ भरून काढायला बसू नकोस. चालू आठवड्याची असाइनमेंट आधी उघड, तिच्यातले प्रश्न वाच, आणि त्या प्रश्नांना लागेल तेवढाच मागचा भाग बघ. मागचं सगळं संपवून मग पुढे जाईन असं म्हणणारे बहुतेक तिथंच राहतात.

आठवड्याचं नियोजन लिहून ठेव, ‘जेव्हा… तेव्हा’ अशा स्वरूपात: ‘मंगळवारी कॉलेजहून आल्यावर चहा झाला की ओसरीवर बसून पहिले दोन व्हिडिओ.’ वेळ, जागा आणि आधीची घटना तिन्ही हवं. नुसतं ‘रोज एक तास’ टिकत नाही. पण हेही एकदा लिहून भागत नाही. सुमारे अडीचशे ऑनलाइन कोर्सेस आणि अडीच लाख विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीला योजना लिहून घेतल्याचा परिणाम पहिले काही आठवडेच दिसला, नंतर ओसरला. तू नेमकी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटतेस हे लक्षात घे. दर रविवारी योजना नव्यानं लिही, कारण तुझं वेळापत्रक प्रॅक्टिकलनं, घरच्या कामानं, सोयाबीनच्या काढणीनं बदलतच असणार. तोच कोर्स घेणारी एक मैत्रीण मिळाली तर दर रविवारी दहा मिनिटांचा फोन ठेवा: काय झालं, काय राहिलं, पुढच्या आठवड्यात कधी बसणार.

मुलांना रोजच्या हजेरीचे बॅज, सलग दिवसांची मोजणी वगैरे द्यावं का?
— शिक्षक, वसमत (जि. हिंगोली)

सलग दिवसांची मोजणी नको. सत्तावीस दिवस झाले आणि अठ्ठाविसाव्याला पाहुणे आले, आकडा शून्यावर. अशा मुलाला परत आणणं पहिल्या दिवसापेक्षा अवघड जातं. ‘आठवड्यात पाचपैकी चार’ असा हिशेब ठेवा, म्हणजे एक दिवस मोकळा मिळतो. बॅज द्यायचाच तर चुकून मग दुरुस्त केलेल्या उत्तराला द्या.

आमच्या शाळेतली कितीतरी मुलं दिवाळीनंतर आई-बापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. फोन बापाकडे, तो रात्री कोपीवर (झोपडीवर) आल्यावर मिळतो. ऑनलाइन काही पाठवलं तर दोन आठवडे उत्तर येतं, मग बंद. परतल्यावर निम्मी मुलं शाळेतच येत नाहीत.
— मुख्याध्यापक, धारूर तालुका (जि. बीड)

सर, आधी एक गोष्ट स्पष्ट म्हणतो. फोनवरचं शिक्षण हा इथे शेवटचा उपाय आहे. आजी-आजोबा घरी असतील तर मूल हंगामी वसतिगृहाच्या आधारानं गावातच राहणं सगळ्यात बरं. जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक हातात द्या, म्हणजे कारखान्याच्या भागातल्या शाळेत बसता येईल. शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्या शाळेनं घ्यायलाच हवं. पालकांना हे निघण्याआधी समजावून सांगा, तिथे पोचल्यावर मुकादम आणि फड सोडून कुणाला वेळ नसतो.

तरीही सुटणाऱ्या मुलांसाठी धागा बारीक ठेवा, पण तुटू देऊ नका. मूल दिवसभर धाकट्या भावंडांना सांभाळतं, पाणी भरतं, मोठं असेल तर मोळ्याही बांधतं. रात्री त्याच्याकडे दहा मिनिटं असतात. आठवड्याला एकच मेसेज, तोही आवाजात, तीन मिनिटांच्या आत, त्याचं नाव घेऊन. पीडीएफ नको, लिंक नको. त्यात एकच काम द्या, फडावरचं. ‘आज आपल्या गाडीत किती मोळ्या बसल्या? एका मोळीचं वजन अंदाजे किती? मग गाडीत किती टन झाले?’ पुढच्या आठवड्यात: ‘टनाला दर किती ते बाबांना विचार, आणि आठवड्याच्या खेपांचा हिशेब वहीत मांड.’ गुणाकार, दशांश, सरासरी सगळं यात बसतं, आणि बापालाही त्या हिशेबात रस असतो, म्हणून फोन मिळतो. उत्तर एका मिनिटाच्या आवाजात किंवा वहीच्या फोटोत.

निघताना शंभर पानी वही द्या, पानांवर क्रमांक घालून. प्रत्येक आठवड्याला चार पानं. फोन बंद पडला, रिचार्ज संपला, तरी त्या पानांवर काहीतरी लिहायचं: आज पाहिलेलं, मोजलेलं, ऐकलेलं.

उत्तर दोन आठवड्यांनी बंद होतं ते आपल्यामुळेही होतं. तीन मेसेजना उत्तर दिलेलं नाही अशा मुलाला चौथा मेसेज आला की आधीचे तीनही त्याच्यापुढे उभे राहतात आणि ते फोनच उघडत नाही. म्हणून प्रत्येक मेसेजची सुरुवात अशी करा: ‘मागचं राहू दे, आज एवढंच सांग.’ आणि ते खरोखर राहू द्या, परतल्यावर हिशेब मागू नका. काही आठवडे सलग उत्तर आलं नाही तर काम पाठवू नका, त्याच्या वर्गमित्राला दोन वाक्यं बोलायला सांगा. मास्तरांपेक्षा मित्राच्या आवाजाला उत्तर लवकर येतं.

परत येण्याची तयारी फेब्रुवारीतच सुरू करा. मूल नसताना वर्गात काय काय झालं त्यातलं पुढच्या इयत्तेसाठी अडणारं तेवढंच निवडा. गणितात बहुधा पाच-सहा गोष्टी निघतात, भाषेत त्याहून कमी. त्या एका पानावर लिहून ठेवा. परतल्यावर पहिले दोन आठवडे रोज एक तास तेवढंच, एका जोडीदार मुलासोबत. पहिल्या दिवशी चाचणी घेऊ नका, काय राहिलं ते सगळ्यांसमोर विचारू नका. शंभर पानी वही मागा, शेवटचं लिहिलेलं पान काढा, ते कुठल्याही आठवड्याचं असो, आणि त्याच्या खाली आजची तारीख घालून पुढची ओळ लिहायला सांगा.